तू लावशील तेव्हा मी लावीन

आमच्या घरात कुणालाही कसलंही व्यसन नव्हतं. हे मी म्हणत नाही, माझ्या वडिलांनी तसं लिहून दिलं होतं. १९९१ चा ऑक्टोबर, शाळेत नशाबंदी सप्ताह चालू होता. बाईंनी प्रत्येक मुलीला एक छापील कागद दिला, 'आमच्या घरात कोणीही व्यसन करीत नाही', आणि खाली पालकांची सही. वडिलांनी तो दोनदा वाचला, पेन मागितलं आणि ठसठशीत सही केली, धाकू बाबाजी गोरिवले. भाईंदर पूर्वेला आमच्या चाळीत अशी सही बिनधास्त करू शकेल असा माणूस विरळाच. वडील स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते आणि तिथले निम्मे लोक संध्याकाळी गुत्त्यावरून घरी यायचे. वडिलांनी उभ्या जन्मात विडी ओढली नाही की सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही.

ते सही करत होते तेव्हा आई त्यांच्या पाठीमागे स्टोव्हपाशी बसून मशेरी भाजत होती.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं कोरड्या तव्यावर काळी कुळकुळीत होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची आणि ती पूड डब्यात भरून ठेवायची. सकाळी उठलं की बोटावर घेऊन दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. आमच्या रत्नागिरीकडच्या बायकांचं हे दंतमंजन. तंबाखू वडीलच आणायचे, तांदूळ आणि रॉकेलच्या बरोबरीने, वाणसामान म्हणून. त्या कागदालाही त्या दिवशी मशेरीचा वास लागला होता आणि तो आमच्यापैकी एकालाही आला नाही. खोटं बोलणारा माणूस निदान जरा बिचकतो. वडील बिचकले नाहीत, कारण ते खोटं बोलतच नव्हते. दात घासणं हे कधी व्यसन असतं का?

आणि मी, त्यांची नववीतली मुलगी सुचेता, तो कागद घडी करून दप्तरात ठेवताना जिभेने हिरडी चाचपत होते. मला मशेरी लावायला लागून दोन वर्षं झाली होती.

सुरुवात दाढेपासून झाली. बारा वर्षांची असताना माझी दाढ ठणकायला लागली. आईने डबा उघडला, बोटावर चिमूटभर मशेरी घेतली आणि स्वतःच्या हाताने माझ्या हिरडीवर दाबली. आधी आग झाली, मग घर गरगरलं, मग दुखणं कुठल्या कुठे गेलं. मी भिंतीला टेकून बसले तेव्हा आई आणि शेजारची मनोरमामावशी दोघी हसत होत्या. "चढली गो पोरीला," मावशी म्हणाली. पुढे दाढ पडून गेली, पण मशेरी काही पडली नाही. डब्यातली रोजची एक चिमूट कमी झालेली कुठल्या बाईला कळते? आईला वाटलं, दाढेबरोबर प्रकरण संपलं.

शाळेत माझ्याजवळ दुसऱ्याला देण्यासारखं काहीच नव्हतं. मीरा रोडला तेव्हा नव्या बिल्डिंगा भराभर उभ्या राहत होत्या आणि दादर-परळहून आलेली मंडळी तिथे राहायला येत होती. त्यांच्या मुली आमच्या शाळेत यायच्या. वासाचे खोडरबर, डब्यात सँडविच, आणि बोलणं सगळं पुस्तकातल्यासारखं. त्यातली मृणालिनी माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिचे वडील शशिकांतराव फोर्टात ऑफिसात होते. एकदा मधल्या सुट्टीत ती गाल धरून रडत होती. मी तिला पाण्याच्या टाकीमागे नेलं, कुंकवाच्या डबीतून आणलेली मशेरी दाखवली आणि आईने मला लावली होती तशीच तिच्या हिरडीवर लावली. पाच मिनिटांत ती हसायला लागली. दुसऱ्या दिवशी दात दुखत नसतानाही तिने मागितली.

पंधरा दिवसांत आम्ही पाच जणी झालो. मधल्या सुट्टीत माझ्यावाचून पान हलेना. माझ्यासाठी बाकावर जागा धरून ठेवायचे लोक, मला सँडविचचा अर्धा तुकडा मिळायचा, आणि मृणालिनी मला 'सुचू' म्हणायची. आज लिहितानाही मला त्याची लाज वाटते आणि थोडा आनंदही होतो, आता काय करू? कुणीतरी माझी वाट बघतंय ही गोष्ट मला मशेरीपेक्षा जास्त चढली होती.

सप्ताहाच्या शेवटी वक्तृत्व स्पर्धा होती. विषय, 'व्यसन आणि कुटुंबाची राखरांगोळी'. आवाज कापू नये म्हणून मी बोलायला जाण्याआधी टाकीमागे जाऊन मशेरी लावून आले. बाकीच्याही चौघी मला धीर द्यायला म्हणून आल्या आणि त्यांनीही लावली. मग मी स्टेजवर उभी राहून दारुड्या नवऱ्याच्या बायकोचे असे काही हाल वर्णन केले की पहिल्या रांगेतल्या बाईंनी रुमाल काढला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. भाषण रंगात आलं असताना तिसऱ्या रांगेत मृणालिनी उठून उभी राहिली. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. हॉलमध्ये थुंकायची सोय नव्हती, म्हणून ती बिचारी अर्धा तास मशेरीची थुंकी गिळत बसली होती. ती दोन पावलं चालली आणि खाली कोसळली.

डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून बघितलं आणि त्यांना दुसरं काही तपासावं लागलं नाही.

संध्याकाळी मृणालिनीची आई आमच्या दारात आली. चाळीच्या गॅलरीत चपला कुठे काढायच्या हेही त्यांना कळत नव्हतं. आई नुकतीच टँकरचं पाणी भरून आली होती आणि दारातच हंडा उतरवत होती.

"तुमच्या मुलीने माझ्या मुलीला तंबाखू दिली," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटत होता. "रोज द्यायची. माझी मुलगी मरता मरता वाचली, तुम्हाला कळतंय का? घरात हेच शिकवता का तुम्ही?"

मी आत कोपऱ्यात उभी होते. आई भांडेल असं मला वाटलं. नळावर आणि टँकरवर आईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. आईने हंडा खाली ठेवला, त्या बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या उजव्या हाताचं बोट बघितलं. वर्षानुवर्षं घासून त्याचं टोक काळंच राहिलं होतं.

"ताई, पोरीची चूक नाय," ती म्हणाली. "मीच शिकवलीय. ह्याच बोटानं."

त्या बाईंना भांडण हवं होतं, ते मिळालं नाही. जाताना म्हणाल्या, "आमच्याकडे असलं काही नसतं हो." मृणालिनीने मला सांगितलेलं होतं, शशिकांतराव रोज जेवणानंतर बाल्कनीत दोन सिगारेटी ओढतात आणि माचिस तीच नेऊन देते. पण मी गप्प बसले. माझ्या वडिलांनी सही केली तेव्हा मी कुठे बोलले होते?

वडील कामावरून आले आणि सगळं ऐकून खाटेवर बसले. त्यांना राग आला नाही, ते गोंधळले. "मशेरी म्हंजे व्यसन?" असं त्यांनी तीन वेळा विचारलं. एकदा मला, एकदा आईला, आणि एकदा नुसतं समोरच्या भिंतीला. मग म्हणाले, "म्हंजे मी खोटी सही केली?" दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते शाळेत गेले आणि तो कागद परत मागितला. बाई म्हणाल्या, कागद केव्हाच वर पाठवून दिले, आता कशाला? तेव्हा त्यांनी कोऱ्या कागदावर लिहून दिलं की माझ्या घरात व्यसन होतं, मला ठाऊक नव्हतं. शाळेला त्याचा उपयोग शून्य. पण पॉलिशच्या कामाने बोटं झिजलेला माझा बाप आपली सही दुरुस्त करायला दोन मैल चालत गेला, ही गोष्ट आठवली की माझा ऊर अजून भरून येतो.

आईने मला मारलं नाही. त्या रात्री जेवणं झाल्यावर तिने फळीवरून डबा काढला, जुना पितळी डबा, तिच्या आईने लग्नात दिलेला, आणि आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला.

"तुला सोडायची हाय का?"

"हो."

"सुटंल?"

"माहीत नाही, आये."

"मला पन म्हाईत नाय," ती म्हणाली. "मी तेरा वर्साची होते तवापासनं लावतेय. मी लावनार आनि तुला नको म्हननार, ता काय बरा दिसत नाय. म्हनून उद्यापासनं असा करू. तू लावशील तवा मी लावीन. तू नाय, तर मी पन नाय. मी तुझा तोंड हुंगनार नाय, की दप्तर बघनार नाय. तू येऊन सांगायचा."

"आणि मी लावून सांगितलंच नाही तर?"

"तर मी आपली उपाशी," आई म्हणाली आणि हसली. डबा तिने परत फळीवर ठेवला, काठोकाठ भरलेला. मला वाटलं होतं ती तो फेकून देईल.

पुढचे दिवस मी माझ्या आईकडे अशी बघत राहिले जशी तिला कधी पाहिलीच नव्हती. मला त्रास झाला नाही असं नाही, पण माझी मशेरी दोन वर्षांची. तिची सव्वीस वर्षांची. सकाळी उठल्यावर ती सवयीने गॅलरीत बसायची आणि रिकामं बोट तोंडाजवळ नेऊन परत खाली आणायची. चौथ्या दिवसापासून तिचं डोकं असं दुखायला लागलं की ती पदराने कपाळ आवळून भाकऱ्या थापायची. पोट साफ होईना. एकदा बादलीला भोक पडलं म्हणून तासभर रडली, आणि एकदा लाटणं माझ्या कानाजवळून गेलं. मग लगेच येऊन तिने माझा कान कुरवाळला. कडुलिंबाची काडी झाली, मीठ-कोळसा झाला. "ह्यानं दात साफ व्हतात," ती म्हणायची, "पन सकाळ व्हत नाय."

तिच्या मैत्रिणींनीही तिला सुखाने राहू दिलं नाही. माझी पाण्याची टाकी शाळेत होती, तिची आमच्या गॅलरीत होती. रोज सकाळी सहा-सात बायका तिथे मशेरी लावत बसायच्या, साऱ्या चाळीची खबर तिथेच फुटायची. पालीहून मावरं घेऊन येणारी कोळीणही टोपली उतरवून त्यांच्यात बसायची आणि आजवर आईच्याच डब्यातली मशेरी घेत आली होती. तिने कपाळावर हात मारला. "मशेरी लावत न्हाय अशी बाय मी तरी बगली न्हाय," ती म्हणाली. "दुर्गे, तू आता डाक्टरीन झालीस का गो?" सगळ्या हसल्या. मनोरमामावशी तर मुद्दाम दार उघडं टाकून भाजायला बसायची, तो वास आमच्या घरात भरून राहायचा. आईने कुणाला उलट उत्तर दिलं नाही. रिकामं तोंड घेऊन ती रोज त्यांच्यात जाऊन बसायची. "तिथं नाय बसले तर मानसं सुटतील," ती मला म्हणाली. "मशेरी सोडायचीय, मानसं नाय."

हे मला जमलं नाही. मृणालिनीला तिच्या आईने दुसऱ्या तुकडीत घालायला लावलं होतं, पण बाकीच्या तिघींनी आता दुकानातून पुडी आणायला सुरुवात केली होती. एकविसाव्या दिवशी त्यांनी मला टाकीमागे बोलावलं. मी नको म्हटलं. त्यातली एक फिस्सकन हसली. "आम्हाला शिकवणारी तूच ना? आता कसली सती-सावित्री बनतेस?" बोलणं खरं होतं. आणि खरं सांगायचं तर मला ते टोचलं त्यापेक्षा जास्त हे टोचलं की उद्यापासून माझी जागा कुणी धरणार नाही. मी बोट पुढे केलं.

घरी येताना मी रस्त्यात पेरूची पानं चावली, नळावर सात-आठ चुळा भरल्या. आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. मी जवळून आत शिरले आणि तिचा हात सुपातच थांबला. सव्वीस वर्षांचं नाक, पेरूच्या पानांना कुठून फसणार? तिने मान वर केली. तिचे डोळे चमकले होते. तो राग आहे असं मी समजले. पण ठरल्याप्रमाणे तिने काही विचारलं नाही. मी 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं, मी काहीच म्हटलं नसतं तरीही चाललं असतं.

"आये, मी लावली," मी म्हणाले.

आई उठली. सूप बाजूला ठेवलं, हात धुतले, फळीवरचा डबा काढून त्याचं झाकण पदराने पुसलं. मग उंबऱ्यात बसून तिने मशेरी घेतली आणि डोळे मिटून लावायला लागली. तिच्या कपाळावरच्या आठ्या माझ्यासमोर एकेक करून उतरल्या. एकवीस दिवसांनी मला माझ्या आईचा चेहरा परत दिसला, आणि तो मी दाखवला होता. थोड्या वेळाने तिला घेरी आली. ती धावत मोरीशी गेली आणि ओकली. मी तिची पाठ धरून उभी होते. ती चूळ भरून, तोंड पुसून माझ्याकडे वळली.

"उद्या पयला दिवस," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली.

त्यानंतर मी मशेरी लावली नाही. माझ्या निश्चयाचं कौतुक नको, मला निश्चय बिश्चय काही नव्हता. त्या तिघींनी पुढे किती वेळा डबी पुढे केली, टोमणे मारले, शेवटी बोलणं टाकलं. प्रत्येक वेळी मला मोरीशी वाकलेली आईची पाठ दिसायची. माझ्या एका बोटावर त्या बाईचा सगळा दिवस टांगलेला आहे, हे मला चौदाव्या वर्षी कळलं होतं. एवढी सत्ता आजवर माझ्या हाती कुणी विश्वासाने सोपवली नव्हती, आणि मी तिला घाबरून राहिले.

१९९९ मध्ये आम्ही चाळ सोडली. मला नोकरी लागली होती आणि मीरा रोडला बेव्हर्ली पार्कच्या मागच्या बाजूला आम्ही वन रूम किचन घेतलं होतं. सामान बांधताना मी स्टुलावर चढून फळी रिकामी करत होते. अगदी मागे, पापडाच्या डब्याआड, तो पितळी डबा सापडला. मी झाकण उघडलं. मशेरी तशीच भरलेली होती आणि वरच्या थरात एका बोटाचा खळगा होता, उंबऱ्यात बसून तिने घेतला होता तेवढाच. आठ वर्षांत दुसरं बोट त्याला लागलं नव्हतं.

"आये, हा अजून ठेवलायस?"

"मग?" आई खाली ताटं कागदात गुंडाळत होती. "तू लावून आली असतीस तर मला लागली नसती? ऐन वक्ताला कुठं शोधत बसनार?"

मी हसले. ती हसली नाही. तिने हातातलं ताट मांडीवर ठेवलं.

"तुला एक सांगू? रागवू नको. त्या दिवशी तू लावून आलीस ना, मला आनंद झाला व्हता."

"कसला आनंद?"

"कसला म्हंजे? आता मला मिळनार म्हनून. पोटची पोर तंबाखू खाऊन आली आनि मी आई असून खूश झाले. तवा मोरीशी ओकले ना, ती काय मशेरीनं नाय ओकले." तिने मांडीवरचं ताट कागदात गुंडाळलं. "आनि त्या नंतर पन. रोज तू साळंतनं यायचीस, मी हितं उंबऱ्यात बसायची. वाटायचं, आज तरी लावली असंल कार्टीनं. एकदा तरी. दहावी झाली, कालेज झाला, तू काय लावीनास."

मी स्टुलावरच बसले. आठ वर्षं रोज संध्याकाळी मी त्या उंबऱ्यातून आत आले होते. रोज ती मान वर करून विचारायची, "आलीस?" आणि मी 'आले' म्हणून चप्पल काढायचे. मला वाटायचं ती माझी वाट बघत असते. ती वाटच बघत होती. हाताच्या अंतरावर भरलेला डबा, तो उघडायला माझा एक शब्द पुरेसा, आणि त्या शब्दाची तहान लागलेली असताना तिने मला एकदाही चहा आणि बटर पुढे करण्यापलीकडे काही केलं नाही. रागावून मला पुन्हा त्या टाकीमागे ढकललं नाही, 'एकदा लाव गो माझ्यासाठी' असं गमतीतही म्हटलं नाही. ह्या बाईच्या हातची भाकरी मी खात होते आणि ती कोण आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"आये, आता टाकून देऊ?" मी कसंबसं म्हटलं. "आता मी बावीस वर्षांची आहे."

आईने माझ्या हातातून डबा घेतला, झाकण घट्ट बसवलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि नव्या घरी न्यायच्या ट्रंकेत, देवांच्या शेजारी ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुझा काय भरवसा."